गढीची चावी

"चावी इथेच मिळते ना?"

आमच्या अर्ध्या दारावरून एक ओलाचिंब चेहरा आत डोकावत होता. खालचं फळकूट मिटलेलं, वरचं उघडं... आमच्याकडे येणारा-जाणारा असाच बोलतो. तळ्याकाठच्या पडक्या गढीची चावी आजीच्या काळापासून आमच्या खिळ्याला असते. मी ती काढून दिली.

"संध्याकाळी परत आणा. आणि आतल्या मेंढ्यांना हुसकू नका, त्या तुमच्याआधीच्या आहेत."

तो फिंटन. तळ्यापलीकडच्या गावचा, गढीच्या भेगा मोजायला सरकारने पाठवलेला. रोज सकाळी चावी न्यायचा, संध्याकाळी आणायचा, आणि दारावर कोपर टेकून पावसातच चहा प्यायचा. हुरळून जाण्याचं माझं वय नव्हतं. तरी सकाळी सोडा-ब्रेड भाजायची सवय लागली, ती उगाचच.

"आमच्याकडे सांगतात," एकदा तो म्हणाला, "बापाने पोरीला गढीत कोंडलं. आमच्या गावचा बासरीवाला रोज खाली येऊन वाजवायचा. पण कुलूप काही तुटेना... झुरून मेला बिचारा."

"झुरण्यात तुमची माणसं पटाईतच! आमची आजी वेगळं सांगायची."

"काय?"

"पाहुण्याला सगळं एकदम सांगत नसतात."

मग एका सकाळी तो बॅग घेऊनच आला. चावी दारावर ठेवली.

"काम संपलं. आत्ताच्या बसने डब्लिन."

हा माणूस मला हवा होता, आणि हे मला बस यायच्या वेळेला कळत होतं.

"आजीची गोष्ट राहिली," तो म्हणाला.

"राहिली. आजी म्हणायची, कुलूप नव्हतंच. बापाने दार नुसतं लोटलं होतं. ती आत बसली – हा ढकलेल म्हणून. हा बाहेर बसला – ती बोलावेल म्हणून. दोघंही तशीच म्हातारी झाली."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"एथ्ना... गढीच्या दाराला आजही कुलूप लागत नाही. मेंढ्या आत कशा जातात, ते मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मला ठाऊक आहे. माझ्या जन्माआधीच गंजलंय ते."

"मग रोज चावी का देत होतीस?"

"तू रोज मागत होतास ना!"

त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. कोपर दारावर तसंच. फाट्यावर बसचा आवाज आला आणि त्याने बॅग उचलली... पुन्हा खाली ठेवली. हा माणूस दिवसभर असाच उभा राहील, हे मला दिसत होतं. अखेर बासरीवाल्याच्याच गावचा.

"फिंटन," मी म्हटलं, "या दारालाही कडी लावलेली नाही."

दार कुरकुरलं.

बस भोंगा वाजवून निघून गेली. मी नव्याने चहा टाकला आणि या वेळी दोन्ही कप टेबलावर ठेवले.