शिळं कोण खातं?

मला सादळलेले चुरमुरे हवे होते, आणि तो मला कुरकुरीत विकायला निघाला होता.

"हे घ्या की मॅडम. आजच पोतं फोडलंय." त्यानं मूठभर चुरमुरे माझ्यापुढं धरले.

"ते नकोत. ते कोपऱ्यात बांधून ठेवलेत ना, ते द्या."

"ते सादळलेत. गुरांना घालायचेत."

"गुरांच्या आधी मी आलेय ना?"

बाहेर श्रावणाची बारीक झड लागली होती. हायवेवरून ट्रक पाणी उडवत सोलापूरकडं चालले होते, माझ्या छत्रीची एक काडी मोडली होती, आणि पगाराला अजून सहा दिवस होते. अशा वेळी माझं डोकं लवकर तापतं. तसं ते एरवीही तापतंच. आई म्हणते, हिच्या डोक्यावर भाकरी भाजून निघंल.

"सुशीला करायचीय," मी म्हणाले. "चुरमुरे भिजवून पिळायचेच असतात. मग कुरकुरीत घेऊन काय करू? पूजा?"

तो गालात हसला. "आमच्यात सुसला म्हणतात. तुमची सुशीला आन् आमची सुसला, सख्ख्या बहिणी. म्हणजे आपलं नातंच लागतं की..."

"काय लागतं?"

"गिऱ्हाइकाचं हो!" त्यानं जीभ चावली आणि सादळलेले चुरमुरे बांधायला घेतले. पैसे घेतले नाहीत. मी दोन पावलं गेले आणि उगाचच मागं वळून पाहिलं. तो बघत होता... मग घाईघाईनं तराजू पुसायला लागला.

मी सोनाली. गाव तेर. नळदुर्गात एका खाजगी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते आणि शाळेमागं एका खोलीत एकटी राहते. तो रुद्रेश. वडील गेल्यापासून किराणा दुकान तोच बघतो. घरी तो आणि त्याची अव्वा — म्हणजे आई. घरात कानडी, दुकानात मराठी.

त्या दिवसानंतर तो माझ्यासाठी काहीबाही राखून ठेवायला लागला. पापडाचे तुकडे. तांदळाची कणी. मसाल्याच्या पिशवीच्या तळाशी राहिलेला चुरा. दुसऱ्या पोरींना प्रेमात गुलाबाची फुलं मिळतात, मला पापडाचा चुरा मिळत होता. आणि खरं सांगू? मला तेच बरं वाटायचं. गुलाबाची रस्साभाजी होत नाही.

पापडाची होते. कांदा-लसणाची फोडणी, वर काळा मसाला, उकळी आली की पापडाचे तुकडे सोडायचे. पहिल्यांदा केली तेव्हा डब्यात घालून त्याला नेऊन दिली. गल्ल्यामागं उभ्यानंच त्यानं डबा संपवला, बोटं चाटली, आणि मग... डब्यात पाणी ओतलं, गोल फिरवलं आणि पिऊन टाकलं.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आमच्यात ताट धुऊन पितात," तो म्हणाला. "अन्न म्हणजे प्रसाद. कण वाया घालवायचा न्हाय."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी डबा उचलून तशीच निघाले. महिनाअखेरीला उरल्यासुरल्यात दिवस काढणारी मी, आणि हा माणूस माझ्या उरल्यासुरल्याचं धुवण पीत होता. खोलीवर येऊन मी तो डबा घासलाच नाही त्या रात्री. वेडेपणा सगळा.

श्रावण सरला, भादवा लागला. 'मॅडम'ची 'सोनाली' झाली, 'तुम्ही'चं 'तू' झालं. एका रविवारी किल्ल्यातला धबधबा बघायला अर्धं गाव लोटलं होतं. आम्हीही गेलो, वेगवेगळे निघून तिथं भेटलो. तटाच्या दगडावर माझा हात होता. त्याचा हात त्याच दगडावर, चार बोटं अंतरावर. पाण्याचे तुषार आमच्या दोघांच्या तोंडावर येत होते.

"सोनाली... अव्वाला सांगू का?"

"काय सांगणार?"

"की दुकानात लक्ष लागंना झालंय माझं. काल एकाला तूरडाळ म्हणून हरभऱ्याची डाळ बांधून दिली."

मी हसले. चार बोटांचं अंतर दोन बोटांवर आलं. हो म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. पण एक प्रश्न माझ्या पोटात बारा वर्षांची असल्यापासून बसलेला आहे. ज्याच्या घरी मी जाईन त्याला तो विचारायचा, असं मी ठरवलेलं होतं.

"रुद्रेश, तुझ्या घरी शिळं कोण खातं?"

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. "शिळं? आमच्या घरी शिळं राहतच न्हाय. कण वाया जात न्हाय, तुला म्हाईताय."

"वाया जात नाही, कारण कुणीतरी खातं. कोण?"

"अव्वा... असंल."

"रोज?"

"म्या कधी बघितलं न्हाय."

मग मी त्याला माझ्या आईचं सांगितलं. कमलबाई तिचं नाव. ऐनवेळी कुणी आलं तर असू द्यावं म्हणून आई रात्री दोन भाकरी जास्तीच्या करते. कुणी येत नाही. सकाळी वडील आणि दादा गरम भाकरी खातात, आणि त्या दोन शिळ्या आई खाते. मला बारावं लागलं तेव्हा त्यातली एक माझ्या ताटात आली. दादाच्या ताटात कधी आली नाही. मी रडले तर आई म्हणाली, "बाईच्या जातीनं सवय लावून घ्यावी." मी सवय लावून घेतली नाही, कुटके करायला शिकले. भाकरी हातानं कुस्करायची, भरपूर लसूण, मोहरी तडतडली पाहिजे, वर शेंगदाण्याचं कूट. घरभर वास सुटायचा. दादा म्हणायचा, "काय झकास वास येतोय!" — आणि गरम भाकरीचा पापुद्रा सोलायला लागायचा.

"वेगळ्या जातीची मला भीती नाही," मी म्हणाले, "भाषेची तर नाहीच. पण तुझ्या अव्वाच्या मागं त्या रांगेत मी बसणार नाही. उरल्याचं चांगलं करणं मला येतं, लई चांगलं येतं. ते माझ्या एकटीच्या वाट्याला नको."

"एवढ्यासाठी न्हाय म्हणतीस?"

"एवढ्यासाठी?" माझं डोकं तापलंच. "तुझ्या अव्वाला विचार, एवढं म्हणजे किती!"

मी तटाच्या पायऱ्या उतरून निघून आले. तो मागून आला नाही.

आठ दिवस मी त्याच्या दुकानाकडं फिरकले नाही. बसस्टँडजवळच्या दुकानातून सामान आणलं. तिथल्या माणसानं कणी मागितल्यावर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खोलीत एकटी बसून येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळींच्या पिठाची, आमटी ओरपताना मला रडू यायचं. मला तो हवा होता, खोटं कशाला बोलू? एका भाकरीच्या तुकड्यापायी आपण एवढं चांगलं माणूस घालवलं का, असं वाटायचं. मग आईचा फोन यायचा. मी विचारायचे, "काय खाल्लंस?" ती म्हणायची, "खाल्लं की काहीतरी." आणि मला वाटायचं, नाही, माझं बरोबर आहे.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. हातात डबा. मी तो उघडला. आत कुटके. करपलेले, हळद जास्त, लसूण कच्चा.

"तू केलेस?"

"व्हय." त्याचे डोळे खाली. "तू इचारलंस तवापासनं रोज पहाटं उठून बघितलं. अव्वा ओट्याकडं तोंड करून उभ्या उभ्या शिळी भाकरी खाती, ताकात बुडवून. पाच मिनिटांत उरकती. अठ्ठावीस वर्षं त्याच घरात राहतोय सोनाली, आन् मला ठाव न्हवतं. म्हटलं, मला दे. तर टोपलं पाठीमागं लपवलं तिनं. म्हणली, लेकराला तंगळ घालू का म्या?"

"तंगळ?"

"शिळं. कानडीत तंगळ म्हणतात. रोज भांडण व्हायलंय आमचं. हे कुटके चोरून केलेत. काल रडली ती. म्हणली, हे खूळ कुणी शिकवलं? मी... तुझं नाव सांगितलं."

"अरे देवा!"

"तुला बोलावलंय. रविवारी जेवायला."

"रागानं?"

"व्हय," तो म्हणाला. खोटं बोलता येत नाही बिचाऱ्याला.

मी ते कुटके सगळे खाल्ले. मीठ नव्हतंच त्यात. घंटा होईपर्यंत तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

शनिवारी मी एक कानडी वाक्य पाठ केलं. आंघोळ करताना म्हटलं, भांडी घासताना म्हटलं. नमगू तंगळ रोट्टी कोडरी. आम्हालाही शिळी भाकरी द्या.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. रुद्रेशची अव्वा, शरणम्मा, हडकुळ्या, उंच, कपाळाला विभूती. माझ्याकडं नीट पाहिलंही नाही. दोन पाट मांडले, माझं आणि रुद्रेशचं. ताटात वाफाळती भाकरी, शेंगाची चटणी, एळवणीची, म्हणजे डाळीच्या कटाची, आमटी. "जेव," एवढंच. स्वतः ओट्याला टेकून उभ्या. त्यांच्यामागं फडक्याखाली टोपलं होतं, आणि फडक्याच्या कडेनं कालची भाकरी डोकावत होती.

पाठ केलेलं वाक्य मी मनात एकदा घोकलं. शाळेत साठ पोरांपुढं न घाबरणारी मी. सगळा धीर एकवटून म्हणाले, "अव्वा, नमगू तिंगळ रोट्टी कोडरी!"

रुद्रेशनं कपाळावर हात मारला.

"काय म्हणलीस?" शरणम्मा.

त्यांना नीट ऐकू आलं नसेल असं वाटून मी वर्गात सांगतात तसं मोठ्यानं सांगितलं, "तिंगळ! तिंगळ रोट्टी!"

त्यांचे ओठ थरथरले. पदर तोंडाला गेला. मग खांदे गदगदायला लागले. "अगं तिंगळ म्हंजे महिना! तंगळ म्हण, तंगळ! महिन्याची पायजे तर कडक भाकरी घे की ग, डबाभर हाय..." हसता हसता त्या मटकन खालीच बसल्या, आमच्या ताटांशेजारी. रुद्रेश नंतर मला म्हणाला, तो जेवत असताना अव्वा खाली बसलेली त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

मीही हसले. आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना.

"अव्वा, तुमच्या लेकाला शिळं घालायला मी आले नाही. तुमच्या वाट्यातलं थोडं मला हवंय, थोडं त्याला. उरलं तर तिघांनी खायचं, आणि गरमही तिघांनी. माझी आई रोज शिळं खाते. मी लांबून काही करू शकत नाही. इथं तरी मला करू द्या."

आमटी निवत होती.

"माझी सासू पण उभ्यानंच खायची," शरणम्मा म्हणाल्या. आता हसू गेलं होतं. "म्या कधी इचारलं न्हाय तिला. मला पण कुणी इचारलं न्हाय."

मी उठले. हात धुतले, तवा ठेवला, पीठ मळलं आणि भाकरी थापली. फुगून टम्म झाली तशी तिसरं ताट शरणम्मांपुढं मांडून त्यात घातली. रुद्रेशनं टोपलं आपल्याकडं ओढलं आणि कालची भाकरी काढून घेतली. शरणम्मांचा हात ती हिसकायला पुढं आला... अर्ध्यात थांबला... आणि आपल्या ताटाकडं वळला.

त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि एकदम फू-फू करायला लागल्या. "हाय्य! पोळलं की ग!"

चाळीस वर्षं आरावर नुसत्या हातानं भाकरी शेकणारी बाई. तिची जीभ पहिल्याच घासाला पोळली.

त्या मात्र फुंकून फुंकून, सावकाश, सगळी भाकरी संपेपर्यंत जेवल्या. मग म्हणाल्या, "आई तुझी कुठं असती?"

"तेरला."

"बोलाव तिला. म्हणावं, शरणम्मानं जेवायला बोलावलंय. म्या वाढते गरम. ताटावरनं उठू देत न्हाय."

मी तिकडं तव्यावर टाकलेली दुसरी भाकरी विसरले. ती करपली. रुद्रेश उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आता तरी... हो म्हणशील?"

"म्हटलं की," मी नाक ओढत म्हणाले. "ऐकू येत नाही का तुला? हो."

आणि पिठाच्या हातानंच आईला फोन लावला. "आई, पुढच्या रविवारी पहिल्या एसटीनं नळदुर्गला ये. आणि हे बघ, घरून काही खाऊन निघू नकोस."