इकडील सर्व क्षेम

दर पंधराव्या दिवशी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अंबाजोगाईत इंटरनेट येई आणि अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी निघून जाई. महासौरवादळाने आकाशातले बहुतेक उपग्रह निकामी केल्याला एकोणीस वर्षे लोटली होती. उरलेल्या तीन उपग्रहांचा वेळ साऱ्या पृथ्वीने वाटून घेतला होता. या आठ मिनिटांना लोक ‘खिडकी’ म्हणत. एरवी ईमेलचे पान जोडणीवाचूनच चाले. जुनी पत्रे वाचावीत, नवे लिहावे, ‘पाठवा’ म्हणावे. पत्र यंत्रातच थांबून राही आणि खिडकी उघडताच रवाना होई.

खिडकीच्या दिवशी निवृत्त मुख्याध्यापिका रेवतीबाई चौसाळकर इस्त्रीची साडी नेसून साडेअकरालाच पानासमोर बसत. त्यांची एकुलती एक मुलगी नीरजा दक्षिण ध्रुवाजवळच्या हिमकेंद्रात बर्फाचे थर मोजण्याचे काम करी.

त्या सोमवारी खिडकी उघडलीच नाही. पानाच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला नाही. अकरा अठ्ठेचाळीस झाले. आणि तरीही नीरजाचे पत्र आले.

‘तीर्थरूप आईस नीरजाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवावे. प्रकृतीस जपावे.’

रेवतीबाईंनी ते दोनदा वाचले. मग यंत्र पिशवीत घातले आणि भर उन्हात टपाल केंद्र गाठले.

केंद्राचा प्रमुख ओंकार सोळंके गणितज्ञ म्हणून नावाजलेला होता. पंचेचाळिशीचा हा गृहस्थ बाईंना दारात पाहताच विद्यार्थ्यासारखा उभा राहिला.

“बाई, निरोप धाडला असता तर मीच आलो असतो.”

“बस. आज खिडकी उघडली का?”

“नाही बाई. उपग्रहाची दिशा बिघडली आहे. मघापासून सगळा गाव मला शिव्या घालतोय.”

“मग हे पत्र कसं आलं?”

ओंकारच्या चेहऱ्यावर पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या मुलाचे हसू उमटले. “ते आलं नाही बाई. ते इथंच तयार झालं.”

आठ मिनिटांत साऱ्या तालुक्याची पत्रे पाठवणे अशक्य होते. म्हणून शास्त्रज्ञांनी ‘फरकपद्धत’ काढली होती. प्रत्येकाने लिहिलेल्या आणि त्याला आलेल्या पत्रांवरून त्याच्या लिहिण्याचा एक नमुना घडवला जाई. त्याला ‘छाया’ म्हणत. एकच छाया लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या, दोन्ही यंत्रांत ठेवलेली असे. हा मनुष्य आता काय लिहील याचा अंदाज ती दोन्हीकडे सारखाच बांधी. खऱ्या पत्रात त्याहून वेगळे जे असेल, तेवढेच आकाशातून धाडले जाई.

“सोळंके, तुला अपूर्णांक मी भाकरीचे तुकडे करून शिकवले होते. तसं सांग.”

“तुम्ही हजेरी कशी घ्यायचात बाई? साठ नावं कधी वाचली नाहीत. मॉनिटर उभा राहून फक्त गैरहजर मुलांची नावं सांगायचा. बाकीचे आपोआप हजर.”



“आणि मॉनिटरच आला नाही तर?”

ओंकारचे हसू मावळले. “तर...”

“पूर्ण वाक्यात उत्तर दे.”

“तर सगळेच हजर लागतात, बाई. फरक नसेल तर ‘फरक नाही’ एवढंही आम्ही पाठवत नाही. तेवढाच वेळ वाचतो.”

रेवतीबाईंनी यंत्र पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवले.

“नीरजाचा शेवटचा फरक कधी आला?”

“अकरा खिडक्यांपूर्वी. साडेपाच महिने झाले.” त्याने पडदा बाईंकडे वळवला. त्यावर एकच वाक्य होते: ‘आई, बर्फ तडकल्याचा आवाज आता भिंतीतून येतो आणि मला फार भीती वाटते.’

ते वाक्य रेवतीबाईंना आठवत होते. आपले उत्तरही आठवत होते. चौसाळकरांच्या घरात पत्राला रीत होती: आधी नमस्कार, मग क्षेम, मग प्रकृतीची चौकशी. तक्रार लिहायची नाही. दूरच्या माणसाला उपाय करता येत नाही, नुसता घोर लागतो. आठ वर्षांच्या नीरजाकडून त्यांनी एकच पत्र सात वेळा लिहवून घेतले होते. या वेळीही त्यांनी कळवले होते, ‘पत्रात असले लिहू नये. रीतीने लिहावे.’

त्यानंतरचे प्रत्येक पत्र रीतीचे होते.

“म्हणजे ती माझं ऐकते आहे,” त्या म्हणाल्या.

“असेल, बाई.”

“किंवा?”

आज्ञाधारक मुलगी आणि या जगात नसलेली मुलगी, दोघींचा फरक शून्यच असतो.

“तिथल्या इतरांची पत्रं बघ.”

“ज्याचं पत्र त्यालाच दाखवायचं, असा नियम आहे. तिथं फोन किंवा रेडिओ पोहोचत नाही, आणि जहाज दिवाळीनंतरच जाईल.”

रेवतीबाईंनी तिथेच बसून लिहिले, ‘नीरजा, रीत मोड. भीती वाटत असेल तर लिही. काहीही लिही, पण मला सुचणार नाही असे लिही.’ तीनदा खोडून पुन्हा लिहिले.

उपग्रह दुरुस्त झाला, पत्र गेले आणि दुसऱ्या खिडकीला उत्तर आले.

‘आई, तू रीत मोडायला सांगितलीस! हसले आणि मग पुष्कळ रडले. तुझी लाल शाईची बाटली मी फोडली होती गं. मार शाळेच्या शिपायाच्या सुमनला बसला. मी घाबरून गप्प बसले. आताही तशीच घाबरले आहे.’

रेवतीबाई चुरगळल्या साडीनेच केंद्रात धावल्या. “बघ, सोळंके! हे कुठलं यंत्र लिहील? शाईचं आम्हा दोघींखेरीज कोणाला ठाऊक आहे?”

ओंकारने पडद्यावर बाईंची जुनी पत्रे उघडली.

“चौदा वर्षांपूर्वी तुम्हीच तिला त्या फुटलेल्या बाटलीबद्दल आणि सुमनच्या माराबद्दल लिहिलं होतं, बाई. आणि फरक...”

“पूर्ण वाक्यात.”

“फरक शून्य आहे, बाई.”

त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “माझीही छाया असेल ना? तिने काय उत्तर योजलंय ते दाखव.”

पडद्यावर अक्षरे उमटली. ‘चिरंजीव नीरजा, बाटली तूच फोडलीस हे मला त्याच दिवशी कळले होते. बोलले नाही, ही माझी चूक. आता घाबरू नकोस. मी आहे.’

रेवतीबाईंनी आयुष्यभराच्या सवयीने चूक शोधत ते शेवटपर्यंत वाचले. त्यांना एक शब्दही बदलता येईना.

“मी हे पाठवलंच नाही तर?”

“तरी पोहोचेल, बाई.”

“कुणाला?” रेवतीबाईंनी विचारले.