दोन टोकांकडून

पहिली आगगाडी नेण्यासाठी डोंगर कापून काढलेली ती खिंड आता पाहण्याची जागा झाली होती. तिकीट देणाऱ्या बाईंनी सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं, "दोन टोळ्या दोन टोकांकडून खडक फोडत आल्या. सहा वर्षांनी मधल्या दगडापाशी भेटल्या. लोकही हौसेने तसंच करतात. एक इकडून, एक तिकडून."

सहलीला आलेल्या दोघा भावंडांतल्या धाकटीचा जन्म जमीनमोजणीत गेलेला. खिंडीत डोकावताच तिने मनातल्या मनात माप घेतलं. चारशे पावलं, सुतात सरळ. दोघांनी हात पसरले तर भरून जावी एवढीच रुंदी. कोनाडा नाही, फट नाही.

"मी तिकडून येतो," तिचा थोरला भाऊ म्हणाला. सत्तरीतला घड्याळजी, पण उत्साह पोराचा. "बघू कोण आधी पोचतं!"

तिलाही तेवढाच वेळ हवा होता. वहिनी गेल्यापासून दोघं एकाच घरात राहत होती, आणि पुढल्या महिन्यात ती कायमची लेकीकडे निघाली होती. हे दादाला सांगायलाच तिने सहल काढली होती. सकाळपासून शब्द ओठाशी येऊन परत जात होते. आता दगडापाशी सांगून टाकायचं, तिने ठरवलं.

दादा बॅटरीच्या गाडीने वरच्या रस्त्यावरून पलीकडे गेला. थोड्या वेळाने दूरच्या उजेडात त्याची पांढरी टोपी हलली. तिने हात हलवला आणि चालू लागली.

आत गारवा होता, ओल्या दगडाचा वास होता. टोपी मोठी होत होती. खडीवरून पाय निसटला म्हणून तिने खाली पाहिलं, मग वर पाहिलं.

रूळ होते. उजेड होता. टोपी नव्हती.

"दादा?"

मधल्या दगडापाशी कुणी नाही. त्यापुढेही नाही. पलीकडच्या टोकाला गाडीवाला काच पुसत होता.

"काका? ते तर कधीचे आत शिरले. भेटले नाहीत?"

तिने मागे वळून पाहिलं. जिथून ती निघाली होती, तिथल्या बाकावर पांढरी टोपी बसली होती.

गाडीने ती परत आली. "कुठून आलास तू?"

"कुठून म्हणजे? दगडापासून बरोबरच नाही का आलो आपण?" दादाचे डोळे ओलावले होते. "रडलीस त्यात काय एवढं? जा लेकीकडे बिनधास्त. सांगितलंस, बरं केलंस."

तिने तिथल्या तिथे लेकीला फोन लावला. "नाही गं आई, मामाशी महिनाभर बोलणंच नाही झालं."

"दादा, आणखी काय म्हणाले मी?"

"ते नाही सांगणार. तूच बजावलंस ना, बाहेर पडल्यावर मी विचारेन, तरी सांगू नकोस म्हणून."



फाटकाकडे जाताना ती त्याच्या उजवीकडे होती. त्याने मात्र डावा हात, कुणाचा तरी हात धरल्यासारखा, जरासा बाहेर धरला होता. पायरी आली तसा तो त्याच बाजूला वळून म्हणाला, "जपून गं."