येऊन राहिलो

नागपूरचा माणूस 'येऊन राहिलो' म्हणाला की तो येतोय असं समजायचं. विक्की तेच म्हणाला की तो अजून आंघोळीलाही गेलेला नाही असं समजायचं. नंदिनीला हे कॉलेजपासून पाठ होतं, तरी दर वेळी तिचं डोकं फिरायचंच. एकदा पुण्याची एक सहकारी तिच्यासोबत याच विक्कीची वाट बघत नागपूर विमानतळाजवळच्या मिहानच्या गेटवर उभी होती. ती बिचारी म्हणाली, "येऊन राहिलाय म्हणतो, म्हणजे आलाय ना? मग दिसत का नाही?" नंदिनी म्हणाली, "बाई, तेच तर आमचं दुखणं आहे."

कच्छची सफर तिघांची ठरली. नंदिनी मिहानमध्ये विमानं दुरुस्त करायची. हातातली गोष्ट तपासल्याशिवाय पुढं सरकायची नाही ही तिची सवय. धम्मानंद शाळेत गणित शिकवायचा आणि आकाश कोसळलं तरी आधी चहा घेऊ म्हणायचा. विक्कीचं नागपुरातल्या नंदनवन भागात टाइल्सचं दुकान होतं. म्हणजे दुकान त्याची बायको रितिका चालवायची आणि हा तिथं येऊन राहायचा. रितिकाला सातवा महिना लागलेला. निघायच्या आदल्या दिवशी तिनं नंदिनीचा हात धरला.

"ताई, तुमच्या भरोशावर पाठवून राहिली मी. तुमच्यासोबत चालला, तुमच्यासोबतच आणून द्या."

नंदिनी हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी अमरावती रोडवर गाडीवर बसून, कुडकुडत या महाशयांची वाट बघताना तिनं त्या 'हो'ला मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या.

मोटारसायकली धडधाकट होत्या, रस्ते बरे होते. पांढरं रण पार पडलं. चाकाखाली मिठाचा पापुद्रा कुरकुरायचा आणि ओठ चाटले की जेवणात मीठ जास्त झाल्यासारखं वाटायचं. त्रास फक्त विक्कीचा. दर मैलावर हा थांबणार, मोबाइल काढणार, स्वतःचाच फोटो घेणार. मग हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर तोच आवाज: "तुम्ही व्हा गा पुढं. मी येऊनच राहिलो." धम्मानंद हसायचा. नंदिनीला हसू येणं केव्हाच बंद झालं होतं.

रण संपवून ते समुद्राकडं वळले. जखौच्या अलीकडं डांबर सोडलं की जमीन तव्यासारखी सपाट होते. भेगाळलेली, खारी, कुठंतरी एखादं वेड्या बाभळीचं झुडूप. पुढं माती ओली होत जाते, मग काळी पडते, मग नुसता चिखल आणि त्यापलीकडं खाडी. कुजक्या माशांचा वास होता. भरतीची वेळ नंदिनीनं आधीच बघून ठेवली होती. दुपार कलायच्या आत परत डांबरावर, असं तिनं दोघांना बजावलं होतं. पाणी इथं लाटांनी येत नाही, सांडलेल्या दुधासारखं पसरत येतं आणि मागची वाट कधी बुडली ते कळतसुद्धा नाही.

ती आणि धम्मानंद चिखलाच्या काठाशी थांबले. विक्की अर्थातच मागं.

"विक्की, कुठं आहेस?" तिनं विचारलं.

"मागंच आहो. येऊन राहिलो."

त्यांनी वाट बघितली. धम्मानंदनं थर्मासमधला चहा ओतला, दोघं प्यायले. नंदिनीनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. ती चिडून मागं वळली आणि बराच वेळ तशीच बघत राहिली. डांबरी रस्त्यापर्यंत सगळं उघडं पडलेलं होतं. धूळ नव्हती, गाडी नव्हती, माणूस नव्हता.

"धम्मा, या इंटरकॉमच्या डब्याची रेंज किती?"

"एखादा किलोमीटर. फार तर दीड." धम्मानंदनंही मागं बघितलं. त्याचा कप हातातच राहिला.

"विक्की, तुले आम्ही दिसून राहिलो काय?" त्यानं विचारलं.

"दिसून राहिले ना. चहा पिऊन राहिले एकटे-एकटे. लाज नाही वाटत काय बे?"

आवाज कानाशी बसून बोलल्यासारखा स्वच्छ होता. खरखर नाही, तुटणं नाही. मागं वाऱ्याचासुद्धा आवाज नव्हता.

"मस्करी पुरे झाली हां!" नंदिनी ओरडली. "पाणी भरून राहिलं, आणि तू लपाछपी खेळून राहिला काय? तुझ्या बायकोला तोंड मला द्यायचं आहे, तुला नाही!"

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. समोरून. खाडीच्या बाजूनं.

काळ्या चिखलातून विक्की गाडी चालवत येत होता. त्या चिखलात त्यांची चाकं आसापर्यंत रुतली असती. त्याची नुसती माखली होती. तो जवळ येऊन थांबला, हेल्मेट काढलं. गुडघ्यापर्यंत काळा. कानाशी इंटरकॉमचा डबा नव्हता, तिथं नुसती पट्टी लोंबत होती.

"तिकडून कुठून आला बे?" धम्मानंद म्हणाला.

"वाट चुकलो. डबा पडला कुठंतरी." त्यानं नंदिनीकडं बघितलं. "चल, नंदिनी. पाणी येऊन राहिलं."

नंदिनीचा जीव भांड्यात पडला आणि त्याच श्वासात राग उसळला. गाढवा, मूर्खा, तुझ्यासोबत परत कुठं जाईन तर कान कापून देईन, असं तिनं भडाभडा सुनावलं. तो ऐकून घेत होता. एरवी तो मध्येच दात काढायचा.

मग तिच्या हेल्मेटमध्ये आवाज आला.

"कोणावर भडकून राहिली वं? थांबा ना, येऊनच राहिलो."

समोरच्या विक्कीचे ओठ मिटलेले होते. धम्मानंदनंही ते ऐकलं होतं, त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कॉलेजपासून आजपर्यंत नंदिनीला असं एकेरी 'वं' म्हणायची हिंमत एकाच माणसानं केली होती.

तपासायचं, एवढंच तिला सुचलं. तिनं समोरच्याला विचारलं, "निघताना रितिका मला काय म्हणाली?"

"तुमच्यासोबत चालला, तुमच्यासोबतच आणून द्या."

कानात आवाज हसला. "हे काय विचारणं झालं? मी तिथंच तर उभा होतो. तुमच्यासोबत चालला, तुमच्यासोबतच आणून द्या."

दोघांनी शब्द न शब्द सांगितला होता. मागं खळगे भरायला लागले होते. आता होती ती जमीन थोड्या वेळानं नसणार होती. नंदिनीनं एकदा रिकाम्या मैदानाकडं बघितलं, एकदा समोर गाडीवर बसलेल्या माणसाकडं. हाडामांसाचा माणूस. उजव्या भुवईवरचा व्रणसुद्धा जागेवर. हवेतल्या आवाजासाठी याला इथं बुडवायचं होतं का?

"बास झालं," ती म्हणाली. "जो आला तो आला. चला."

"अरे, थांबा ना गा," कानात आवाज म्हणाला. "दिसून राहिले तुम्ही मले. नंदे, दोन मिनिटं थांब वं."

तिनं डबा बंद केला.

परतीच्या वाटेवर विक्की एकदाही मागं पडला नाही. फोटो काढले नाहीत, कुठं रेंगाळला नाही. धम्मानंदनं आपला डबा काढून बॅगेच्या तळाशी कोंबला. नंदिनीला मात्र राहवेना. अहमदाबादच्या पुढं तिनं डबा सुरू केला.

"गाडी गेली चिखलात," आवाज म्हणाला. दमलेला होता, पण तक्रार नव्हती. "भुजपर्यंत आलो. येऊन राहिलो."

नागपुरात आल्यावर रितिका तिला फोनवर सांगत सुटली. "ताई, तुम्ही काय जादू केली? हा माणूस सांगितलेल्या वेळेच्या आधी तयार असते! दुकान उघडून बसते!" नंदिनी हं, हं करत राहिली. फोन ठेवून तिनं स्वतःलाच दटावलं. माणूस आणून दिला, बायको खूश आहे, तुला काय खुपतं?

तरी ती रोज डबा सुरू करायची. धुळे आलं. मग अकोला. रविवारी दुपारी तिनं हेल्मेट कानाशी धरलं.

"कोंढाळीले चहा पिला. आता काय, नागपुरात पोचलोच."

नंदिनीनं गाडी काढली आणि तशीच नंदनवनात विक्कीच्या घरी गेली. जाऊन काय सांगणार हे तिला ठाऊक नव्हतं. एकट्या रितिकासमोर बसायचं, एवढंच ठरवलं होतं. पण विक्की घरीच होता. सोफ्यावर सरळ बसलेला.

"ताई, बरं झालं आल्या!" रितिका पोटावर हात ठेवत म्हणाली. "पोहे टाकते."

नंदिनीनं हेल्मेट मांडीवर ठेवलं. विक्की तिच्याकडं बघत होता. ना राग, ना ओळख.

रितिका स्वयंपाकघरात गेली. मोहरी तडतडली. नंदिनीनं हेल्मेट उचलून कानाला लावलं.

"रितिकाले सांग वं, पोहे नको म्हणा. सरळ जेवूनच घेईन."

तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं.

"गल्लीत आलो."

तिला हो म्हणायचं होतं. ये म्हणायचं होतं. थांब, येऊ नको म्हणायचं होतं. तिनं हेल्मेट कानाशी आणखी घट्ट धरलं.

विक्की उठला. त्याला यातलं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. तो शांतपणे दारापाशी गेला, दार लोटलं, आणि टाचा उंच करून वरची कडी लावली.

रितिका बशा घेऊन बाहेर आली. "भर दुपारची कडी काहून लावून राहिले?"

"हवा येऊन राहिली," तो म्हणाला.

खिडकीबाहेर दोरीवर रितिकाची साडी वाळत होती. तिचा पदर जरासुद्धा हलत नव्हता.