हिरवा आकडा

चांदवडच्या त्या गल्लीत आताशा सकाळचा चहा उकळायच्या आत आकडे विचारले जात. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले मिलिंदराव दुधाची पिशवी घेऊन परतले, की समोरचे कासलीवाल ओट्यावरून हटकून विचारायचे, “काय हो, वहिनींचा आज किती?”

“चार पूर्णांक चार,” मिलिंदराव तोंड पाडून सांगायचे.

हा वेग होता हेमांगीबाईंच्या हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा, सेकंदाला इतके मीटर. डाव्या स्तनाखाली चिकटवलेली बोटभर पट्टी छातीत सतत ध्वनी सोडायची, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा. धावत्या रक्तपेशींवर आपटून तो परतला की त्याचा सूर बदललेला असे, आणि त्या बदलावरून पट्टी वेग काढी. बाईंची महाधमनीची झडप कडक होऊन आखडली होती. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जसं जोरात उडतं, तसं रक्त त्या फटीतून उसळायचं. आकडा चारच्या वर असला तरच नव्या झडपेच्या सरकारी रांगेत जागा. तो पट्टीकडून परस्पर रांगेत जाई, मध्ये माणसाचा हात नाही. वशिल्याला विटलेल्या लोकांना हा नियम फार आवडला होता, मिलिंदरावांना तर विशेषच.

नंबर जवळ आला आणि धाकट्या लेकीचं लग्न निघालं. पैठणीवरच्या नव्या ब्लाउजची शिवण नेमकी पट्टीवर रुतू लागली. हेमांगीबाईंनी पट्टी उचलून चार बोटं काखेकडे लावली. तिथे ती इतकी छान बसली की लग्नानंतरही कोणी हलवली नाही.

आकडा निम्म्यावर आला. मोबाइलवर लाल दिसायचा, तो हिरवा झाला.

“अहो, देवी पावली!” हेमांगीबाईंनी देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली. रांगेतून नाव गळलं, त्याचंही मिलिंदरावांना वाईट वाटलं नाही. आपल्या जागी कुणा गरजवंताचं भलं होईल, असं त्यांनी गल्लीभर मोठ्या मनानं सांगितलं. पुढे बाईंना स्वयंपाकघरातून ओट्यापर्यंत येताना धाप लागू लागली. त्यांनी तक्रार केली, की मिलिंदराव कौतुकानं मोबाइल पुढे करायचे. “हे बघ, हिरवा आहे. उगाच मनाला लावून घेतेस.”

दिवाळीनंतर देवीला बोललेला नवस फेडायचा ठरला, तिचा गड पायी चढून. निम्म्या पायऱ्यांवर हेमांगीबाईंनी त्यांचा दंड धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तिथेच कोसळल्या.

नाशिकच्या रुग्णालयात डॉक्टर इनामदारबाईंनी काखेजवळची ती पट्टी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिलिंदरावांना समोर बसवून घेतलं.

“काका, तुम्ही गाडी चालवायचात ना? भोंगा वाजवत गाडी अंगावर आली, तर सूर चढलेला स्पष्ट कळतो. पण रस्त्यापासून दूर, शेतात उभं राहिलं तर?”

“समोरून जाताना सूर जेमतेम हलतो.”

“गाडीचा वेग तोच. तुम्ही आडवे उभे, म्हणून कळत नाही. पट्टी सरकली, तेव्हा ती रक्ताच्या वाटेला अशीच तिरकी झाली. रक्त धावतच होतं. तिला फक्त निम्मं ऐकू आलं.”

मिलिंदराव उठून उभे राहिले. “मग आता सरळ लावा. आकडा चढेल, रांगेत नाव लागेल.”

“सकाळीच लावली. दोन पूर्णांक सहा.”

“म्हणजे झडप ठीक आहे?”

“झडप आणखी बिघडलीय. पण इतके महिने त्या फटीतून रक्त ढकलून हृदयच थकलं. जोर नाही, म्हणून वेग नाही. औषध देऊन जरा पळवून पाहिलं, तेही जमलं नाही त्याला. या वेळी आकडा खरा आहे, काका.”

“तुम्ही सांगा ना वर! तुम्ही डॉक्टर आहात.”

“सांगितलं. माणसाचं सांगणं रांगेत धरतच नाहीत.” त्यांनी मान खाली घातली. “आणि आता झडप मिळाली, तरी शस्त्रक्रिया सोसेल असं मला वाटत नाही.”

मिलिंदरावांना स्वतःचा भयंकर राग आला. बायको समोर धापा टाकत होती आणि ते मोबाइल बघत होते.

घरी आणल्यावर हेमांगीबाई खिडकीशी उशांना टेकून बसायच्या. आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नसे. पट्टी आता अगदी बरोबर जागी होती. कासलीवाल ओट्यावरून विचारायचे थांबले होते.

“अहो, आज किती?” आता हेमांगीबाईंनीच विचारलं.

“दोन.”

“उतरला की!” त्या हसल्या. “बरं व्हायला लागलंय. तुम्हीच म्हणायचात ना, उगाच मनाला लावून घेते. उन्हाळ्यात जाऊ आपण, राहिलेल्या पायऱ्या चढायला.”

मिलिंदरावांनी त्यांचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि हलके हलके चोळू लागले. उशाशी मोबाइल हिरवा होता. उद्या तो आकडा आणखी उतरेल, परवा आणखी. शून्यावर येईपर्यंत तो असाच हिरवा राहणार होता का?