स्कॅनच्या खोलीतला आवाज

दुपारी जिना चढताना बाबांना एकदम धाप लागली, म्हणून लेक त्यांना दवाखान्यात घेऊन आली. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलीय का, ते स्कॅनमध्ये बघायचं होतं. खोली ओळखीची होती. तिची आई इथंच टेक्निशियन होती. गेल्या वर्षी ती गेली, पण मशीनमधून पेशंटला सूचना अजून तिच्याच आवाजात मिळत. तो आवाज पुसायला कुणाचा हात धजावला नव्हता.

"घरीही हिचंच ऐकलं, आता इथंही!" आडवं होताना बाबा हसले.

लेक काचेपलीकडे उभी राहिली. शेजारी आईच्या हाताखाली शिकलेला, तिला ताई म्हणणारा टेक्निशियन होता. मशीन घुमू लागलं. 'श्वास घ्या. रोखून धरा.' आईचा आवाज आला, आणि बाबांची छाती हुंदक्याने हलली.

डॉक्टरीणबाई पडद्याशी वाकल्या. एका रक्तवाहिनीत काळसर डाग होता.

"गुठळी असेल, नाहीतर श्वास हलल्यामुळे पडलेली नुसती सावली. असं चित्र फसवतं."

"मग औषध देऊन टाका ना," लेक काकुळतीने म्हणाली.

"रक्त पातळ करायचं? गेल्याच महिन्यात डोक्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. उगाच दिलं तर जिवावर बेतेल. स्कॅन पुन्हा काढू."

टेक्निशियनने रेकॉर्डिंग बंद केलं. "भाऊजी, या वेळी मीच सांगतो हं."

मशीन पुन्हा घुमलं. तो माइककडे वाकला. पण त्याने तोंड उघडायच्या आतच बाबांनी श्वास रोखला.

चित्र लख्ख आलं. डाग नव्हता. गुठळी नव्हतीच. लेक डोळे पुसत आत धावली.

"बाबा, काही नाहीये! किती छान रोखलात श्वास."

"तिने दटावलं ना," बाबा हळूच म्हणाले. "म्हणाली, अहो, रडताय काय... रोखा आता."

मागून आलेला टेक्निशियन दारातच थबकला. रेकॉर्डिंग तर बंद होतं. आणि त्यात 'अहो' नव्हतंच.

"भाऊजी... श्वास सोडलात ना? मी सांगायचंच विसरलो."

"तू कशाला सांगतोस? ती सांगेल की." बाबा शांतपणे छताकडे बघत होते. "अजून म्हणाली नाही..."

लेकीने त्यांच्या छातीवर हात ठेवला. बाबा बोलतच होते. हाताखाली छाती मात्र हलत नव्हती.