कपारीत राहिलेला बाप्पा

आम्ही लडाखला निघालो ते फोटो काढायला नव्हे, एका गणपतीचं विसर्जन करायला!

गणपती पप्पांचा, म्हणजे शिपाई लवूचा. कारगिलच्या लढाईत त्यांची पलटण एका उंच ठाण्यावर होती. लढाई थांबली तरी ठाणं सुटलं नव्हतं आणि तेवढ्यात चतुर्थी आली. पप्पांनी लंगरमधल्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातल्या, कणकेचा मुठीएवढा बाप्पा केला, मिरीचे डोळे लावले आणि बंकरमागच्या कपारीत बसवला. दीड दिवसाचा! पण विसर्जनाआधीच त्यांचा सोबती कुशाबा याचे पाय थंडीने काळे पडले. त्याला पाठीवर घेऊन पप्पा खाली उतरले आणि पुन्हा वर जायची वेळच आली नाही. कुशाबाकाका वाचले, बाप्पा राहिला.

तेव्हापासून आमच्या घरात गणपती नाही. अहो, लालबागमध्ये राहून! भाद्रपदात अख्खी मुंबई आमच्या दाराशी लोटते आणि आमची आई शेजारच्यांच्या आरतीत टाळ्या वाजवते. पप्पांचं एकच पालुपद, "आधीचा बोळवला नाय, तर दुसरा कुठल्या तोंडानं आणू?" आईने समजावलं, भटजींनी समजावलं. हा माणूस ढिम्म! शेवटी मीच म्हटलं, चला, एकदाचं जाऊनच येऊ. ट्रेकिंगचं वेड मला आहेच. परवाने काढले, नामग्याल नावाचा वाटाड्या ठरवला आणि आम्ही तिघं निघालो.

आईने पिशवीत पप्पांची जुनी पत्रं घेतली होती. पहिल्या मुक्कामाला वारा तंबू फडफडवत होता, बाहेर उघडे तपकिरी डोंगर उन्हात हळूहळू लाल होत होते, आणि मी मोठ्याने वाचत होते.

"प्रिय लक्ष्मीस, ओले मोजे पोटाशी धरून झोपतो, तेवढेच सुकतात. अंडी अशी गोठली की पोरं त्यांनी क्रिकेट खेळली. तुझा मसाला संपत आला. कुशाबा कोरड्या पुरीला चोळून खातो नि दिवसभर शिंकतो. आरसा सगळ्यांत मिळून एक. काल त्यात मीच मला ओळखलं नाही. तू ओळखशील ना?"

"ओळखलं हो, नाकावरून!" आई म्हणाली. पप्पा लाजून चहा ढवळत बसले. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ होती, 'अक्षदाला दात आला का?' गोळ्या झेलणाऱ्या माणसाला माझ्या दाताची काळजी!

दुसऱ्या दिवशी खरी चढण लागली. पायाखालचे दगड घसरत होते. चार पावलं वर, दोन खाली! आईला धाप लागली, ती वरचेवर बसू लागली, आणि नाल्यापाशी पोचेपर्यंत दुपार झाली.

नाला बघून नामग्यालचा चेहरा उतरला. सकाळी घोट्याएवढं असणारं पाणी दिवसभर बर्फ वितळून कमरेएवढं झालं होतं. पलीकडच्या कड्यावर ठाण्याचे पडके दगड दिसत होते.

"अभी नहीं, अंकल," नामग्याल म्हणाला.

"ती बघ कपार!" पप्पा पुटपुटले. "इतक्या जवळ येऊन थांबू?" त्यांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात कोंबलं आणि आम्ही अडवायच्या आत पाण्यात शिरले.

एक पाऊल. दुसरं. पाणी उसळलं! पाय निसटला! पप्पा दिसेनासे झाले! दोराला जबरदस्त हिसका बसला. मी आडवी पडले. नामग्यालने दोर खडकाला गुंडाळला.

"लवूऽऽ! अरे लवू!"

ही आई होती. जन्मात नवऱ्याचं नाव न घेतलेली आमची आई! ती दोरावर तुटून पडली. खेचा! खेचा! आधी हात दिसला, मग डोकं. ओढून काठावर घेतलं तेव्हा पप्पा काकडत होते आणि त्यांचा गुडघा टम्म सुजला होता. उद्या सकाळी पाणी उतरलं असतं, पण हा गुडघा चढणार नव्हता.

कोरडे कपडे घालून, घोंगडीत गुंडाळून आम्ही त्यांना बसवलं. ते कपारीकडेच बघत होते. "ऱ्हवलोच गो तो थंय, राहिलाच गं तो तिथं," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

आईने नामग्यालला विचारलं, "भाऊ, ये पानी किधर से आता है?"

त्याने कपारीवरच्या बर्फाकडे बोट केलं. "वहीं से, माँजी. हर साल."

आई पप्पांसमोर बसली. "ऐकलंत? कणकेचा बाप्पा तो. त्या बर्फाचं पाणी दर उन्हाळ्यात त्याच्या अंगावरून येतंय. तो केव्हाच गेला ह्या नाल्यातून. वर बसून राहिलात ते तुम्ही! आता उतरा बघू."

पप्पांनी दोन्ही डोळे पुसले, पिशवीतला नारळ मागितला आणि आमच्या मालवणी रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा गणपती म्हाराजा! ह्या लेकराकडसून काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. नामग्यालला काही कळलं नव्हतं, पण सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

नारळ प्रवाहात गेला. "पुढच्या वर्षी लवकर या!" हे ओरडताना पप्पांचा आवाज चिरकला. मग ते आईकडे वळून चाचरत म्हणाले, "लक्ष्मी, चतुर्थी महिन्यावर आली. बाप्पाला बसवायला आपल्याकडे पाट आहे का गं?"

"आहे," आई म्हणाली. "दर वर्षी धुऊन ठेवतेय."